बिघडलेला फ्रीज आणि ‘साहेब घरी आहेत का?’

(अमरावती येथे अमरावती-अकोला जिल्ह्यांतील कार्यकर्त्या आणि बचत गटांच्या प्रतिनिधींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘फ्रीज बिघडला तर’ असा विषय छापलेला पाहून सकाळी चहाच्या वेळी बरीच हसाहस झाली. एकीनं मला विचारलं, “ताई, तुम्ही कंपनीची एजन्सी घेतली का?” कालपासून आपण पोटगी, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, पोलीस ठाण्यातले अनुभव या विषयांवर बोलत आहोत. त्यात हा फ्रीज कुठून आला, असं वाटणं साहजिक आहे. तो आमच्या सल्ला केंद्रात आला, एका बाईच्या गालावरच्या वळाच्या रूपानं आला, म्हणून मी आज त्याच्याबद्दल बोलणार आहे.

गोष्ट अकोल्याची आहे. बाईचं नाव सांगत नाही. मे महिना, दुपारची वेळ. केंद्रात कूलर चालू होता आणि तरी अंगाची लाही होत होती. ती आली, बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “ताई, फ्रीजवर काईतरी लिहून आलं, आन् मले मार बसला.”

मी नेहमीप्रमाणे अर्ज पुढे ओढला. नाव, वय, लग्नाचं वर्ष, मुलं किती, मारहाण पहिल्यांदा कधी. ‘कारण’ या रकान्यात मी लिहिलं, ‘क्षुल्लक कारणावरून भांडण’. हे शब्द आपण सगळ्याच लिहितो. भाजीत मीठ जास्त झालं, क्षुल्लक. डबा उशिरा झाला, क्षुल्लक. ती बाई मला लिहिताना बघत होती. शाळा सातवीपर्यंत झालेली. तिनं ते वाचलं आणि म्हणाली, “ताई, क्षुल्लक नाही वं ते. त्या फ्रीजात माहं सगळं होतं.”

मी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा नीट ऐकलं.

तिच्या फ्रीजमध्ये काय होतं? ती घरी दही लावून, ताक करून गल्लीत विकत होती. उन्हाळ्याचे तीन महिने हीच तिची कमाई. तो माल फ्रीजमध्ये. सासूला साखरेचा आजार, तिच्या इन्सुलिनच्या कुप्या फ्रीजच्या दारात. इंजेक्शन देणारीही हीच. अकोल्याला नळ रोज येत नाही, भरून ठेवलेलं पाणी गार करून सगळ्यांना देणं हेही हिचंच काम. म्हणजे फ्रीज नवऱ्याच्या नावावर, पण फ्रीजची पूर्ण जबाबदारी हिच्यावर. आणि एके रात्री फ्रीजच्या दारावरच्या छोट्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा लुकलुकायला लागला. सकाळी दूध नासलं, दही आंबलं. नवरा म्हणाला, “तुयाच हातानं झालं.” सासूचं इन्सुलिन गेलं, त्याचे पैसे, डॉक्टरांकडे जाणं, त्यावरून बोलाचाली, आणि मग हात उठला.

हात उठायला फ्रीज हे कारण नव्हतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण ती दोन अक्षरं तिला वाचता आली असती तर ती त्या रात्री हतबल नसती, हेही तितकंच खरं आहे.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. दारात उभा राहून त्यानं पहिला प्रश्न विचारला, “साहेब घरी आहेत का?” साहेब कामावर. मग तो तिच्याशी काही न बोलता फ्रीज उघडून बघू लागला आणि नवऱ्याला फोन लावून म्हणाला, “बोर्ड गेला, बदलावा लागते.” रक्कम सांगितली, ती तिच्या महिन्याभराच्या कमाईपेक्षा जास्त होती. फ्रीज रोज पन्नास वेळा उघडणारी बाई समोर उभी. कधीपासून आवाज बदलला, मागच्या भिंतीवर बर्फ कधीपासून साचतो, दार नीट लागतं की नाही, हे सगळं तिला माहीत होतं. तिला कुणी विचारलंच नाही. डॉक्टरनं रोग्याला सोडून शेजाऱ्याची नाडी बघावी, तसा हा प्रकार.

आमच्या केंद्रातल्या एका कार्यकर्तीचा भाऊ आयटीआय झालेला. आम्ही त्याला बोलावलं आणि सांगितलं, “तू दुरुस्त करू नकोस, तिला समजावून सांग.” त्यानं जे सांगितलं, ते मी नंतर माहितीपुस्तकं वाचून, आणखी दोघा मेकॅनिकांना विचारून पडताळून घेतलं. तेच आता तुम्हाला सांगते.

जुन्या फ्रीजमध्ये थंडी कमी-जास्त करायची एक गोल खुंटी असायची. आताच्या फ्रीजमध्ये एक छोटं इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं, त्यालाच बोर्ड म्हणतात. या बोर्डाला आत काय चाललंय ते सेन्सर सांगतात. सेन्सर म्हणजे तपमानाप्रमाणे ज्याचा विद्युतरोध बदलतो असा एक लहानसा मणी. आत गरम झालं की रोध कमी, गार झालं की जास्त. बोर्ड सतत हे मोजत असतो. वायर तुटली, उंदरानं कुरतडली, ओल शिरली, तर मोजमाप वेडंवाकडं येतं. मग बोर्ड म्हणतो, ‘मला काही कळत नाही’, आणि ते सांगायला पट्टीवर अक्षर-आकडा दाखवतो. पंखा फिरत नसेल तर वेगळा आकडा, बर्फ वितळवणारा हीटर तापत नसेल तर वेगळा. आणि हे लक्षात ठेवा, प्रत्येक कंपनीची ही भाषा वेगळी. एकीचा ‘ई-१’ म्हणजे सेन्सर, तर दुसरीचा काही भलतंच. म्हणून शेजारणीच्या फ्रीजवरून आपल्या फ्रीजचा अंदाज करायचा नाही. आपल्या मॉडेलचं पुस्तक बघायचं.

शिवाय पट्टीवर दिसणारं प्रत्येक अक्षर म्हणजे बिघाड नव्हे. दार उघडं राहिल्याची सूचना असते, मुलांनी बटणं दाबू नयेत म्हणून लावलेलं कुलूप असतं. काही फ्रीजमध्ये दुकानात मांडून ठेवण्यासाठी एक सोय असते, त्यात दिवा लागतो, पट्टी उजळते, पण गारवा मात्र तयार होत नाही. नवाकोरा फ्रीज घरी आला, दिवा लागतोय, पण पाणी गार होत नाही, अशा वेळी आधी हे विचारून घ्यायचं.

आता आपल्या बाईच्या फ्रीजकडे येऊ. तिच्या आकड्याचा अर्थ होता, आतला पंखा फिरत नाही. तो का फिरत नव्हता? मागच्या पडद्याआड बर्फाचा थर साचून पाती अडकली होती. बर्फ का साचला? दाराचं रबर एका कोपऱ्यात सैल झालं होतं, तिथून दमट हवा आत जात होती. आणि दमट हवा आली कुठून? त्याच खोलीत कूलर होता, फ्रीजच्या अगदी समोर. वऱ्हाडातल्या निम्म्या घरांत हीच मांडणी असते. फ्रीज बंद करून, आतलं सामान काढून, दार उघडं ठेवून एक दिवस-रात्र बर्फ आपोआप वितळू दिला. सुरू केल्यावर आकडा गेला. तीन आठवड्यांनी परत आला, कारण रबर तेच होतं. रबर बदललं, कूलरची जागा बदलली, मग नाही आला. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं. बोर्डासाठी सांगितलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्शात काम झालं.

प्रत्येक वेळी असंच होईल असं मी म्हणत नाही. कधी बोर्ड खरोखरच जळतो. पण आधी काय बघायचं याचा एक क्रम आहे, तो वहीत उतरवून घ्या.

पहिलं, आकडा जसाच्या तसा लिहून घ्या. जमलं तर मोबाईलवर फोटो काढा. तारीख, वेळ, त्याआधी लाईट गेली होती का, आवाज कसा येतो, आतला दिवा लागतो का, हेही लिहा. बंद केल्यावर आकडा पुसला जातो, मग मेकॅनिकला दाखवायला पुरावा राहत नाही.

दुसरं, आतला दिवाच लागत नसेल तर आधी प्लग, स्विच, स्टॅबिलायझर तपासा. त्या सॉकेटमध्ये दुसरी वस्तू लावून बघा.

तिसरं, दार. वहीचा एक कागद दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निघून आला तर तिथलं रबर सैल आहे. चारी बाजूंनी असं करा. रबर कोमट साबणाच्या पाण्यानं पुसा, कधी नुसती घाण अडकलेली असते.

चौथं, फ्रीज बंद करून प्लग काढा आणि दहा मिनिटं थांबा. लगेच चालू करू नका, कॉम्प्रेसरवर ताण येतो. चालू केल्यावर आकडा गेला आणि परत आला नाही, तर बहुधा लाईटच्या झटक्याचा प्रकार होता. परत आला तर खरा बिघाड आहे. पुन्हा पुन्हा बंद-चालू करत बसू नका.

पाचवं, बर्फ सुरीनं, उलथण्यानं खरवडू नका. आताच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये जो गॅस असतो तो पेट घेणारा आहे. प्रमाण अगदी थोडं असतं, पण नळी फुटली तर धोका आहेच, आणि फ्रीजही कायमचा जातो. मागचा पडदा उघडणं, वायरी जोडणं हे आपण करायचं नाही. ते शिकलेल्या माणसाचं काम, आणि तो माणूस बाई असायला काहीच हरकत नाही.

आता थोडं आपल्या हवेबद्दल. फ्रीजच्या आत किंवा मागे एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. त्यातला सगळ्यात उष्ण हवेचा वर्ग ‘टी’, म्हणजे उष्ण कटिबंधाचा. हा फ्रीज भोवतालचं तपमान ४३ अंशांपर्यंत असेल अशा हिशेबानं तपासलेला असतो. मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. मे २०२४ मध्ये उष्णतेमुळे अकोला जिल्ह्यात जमावबंदीचं १४४ कलम लावायची वेळ आली. पत्र्याच्या घरात, गॅसच्या शेगडीला खेटून, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या फ्रीजच्या मागे किती तपत असेल याचा विचार करा. फ्रीज आतली उष्णता मागच्या किंवा बाजूच्या अंगानं बाहेर टाकतो. तिला जायला वाटच नसेल तर तो चोवीस तास धापा टाकत राहतो. मागे किमान चार बोटं, जमलं तर वीतभर जागा सोडा. शेगडीपासून आणि पश्चिमेच्या उन्हापासून दूर ठेवा.

लाईटचं तर विचारूच नका. पारसला वीज तयार होते आणि पलीकडच्या गावात उन्हाळ्यात डीपी जळते. व्होल्टेज खाली-वर झालं की या नव्या बोर्डांना ते सोसत नाही. सारख्या तक्रारी असतील तर गल्लीतल्या दहा बायकांनी मिळून लेखी अर्ज द्या. एकटीच्या फोनला ‘लाईनमन येते’ एवढंच उत्तर मिळतं. वीज कंपनीविरुद्ध दाद मागायला २००३ च्या वीज कायद्यानं ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाची सोय केली आहे, तिथे वकील न लावता जाता येतं.

लाईट गेली तर दार उघडू नका. बंद दाराचा फ्रीज साधारण चार तास आतलं अन्न टिकवतो, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी धरा. इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते, वापरात असलेली बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे चालते. ते पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचून घ्या. मे महिन्यात आपल्या घरात ३० अंश कुठून आणायचे? त्याला आपल्या आज्यांनी उत्तर देऊन ठेवलंय. कुपी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून छोट्या मडक्यात ठेवा, ते मडकं ओल्या वाळूच्या मोठ्या मातीच्या भांड्यात, वर ओलं फडकं. आपली हवा कोरडी, त्यामुळे माठ इथे चांगला काम करतो. आणि कुपीला फ्रीझरमध्ये कधीच ठेवायचं नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

आता कायद्याचं. बऱ्याच जणी म्हणतात, “बिल त्यांच्या नावाचं, मी काय तक्रार करणार?” ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात विकत घेणाराच नव्हे, तर त्याच्या संमतीनं वस्तू वापरणाराही ग्राहक आहे. म्हणजे बिल नवऱ्याच्या नावाचं असलं तरी फ्रीज वापरणारी बाई ग्राहक आहे. धंद्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात येत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला ही अट लागू नाही. दही विकणारी आपली बाई इथेही बसते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून एक पोर्टलही सुरू केलं, त्यामागचा विचार असा की, वस्तू कशी दुरुस्त करायची याची माहिती कंपनीनं ग्राहकाला द्यावी.

मेकॅनिककडून काढलेला जुना भाग मागून घ्या, काय बदललं ते बिलावर लिहून घ्या, आणि बिल जपून ठेवा. बिलाचं आणखी एक महत्त्व आपण सल्ला केंद्रात रोज बघतो. लग्नात फ्रीज माहेरहून येतो. घर सोडायची वेळ आली की सासरचे म्हणतात, आमचा आहे. स्त्रीधन हे बाईच्याच मालकीचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं आहे, आणि २००५ च्या कायद्याखाली ते परत मागता येतं. पण फ्रीज कुणी दिला, कधी दिला, हे दाखवायला कागद लागतो. हुंडा देऊ नका, घेऊ नका, हे आपण म्हणतच राहू. पण जे आलंय त्याचं बिल बाईच्या ट्रंकेत असलं पाहिजे.

हे सगळं मी अमरावतीत एका बचत गटात सांगितलं, तेव्हा एका काकूंनी मला चांगलंच अडवलं. त्या म्हणाल्या, “स्वयंपाक आमी करा, पाणी आमी भरा, आता फ्रीज बी आमीच दुरुस्त करा? मंग मानसं काय करतीन?” सगळ्या हसल्या, पण माझं तोंड बंद झालं. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की, घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच थोडे. यंत्रं घरात आली म्हणून बाईचं काम संपलं नाही. फ्रीज आला, तर रोज भाजी आणायचं वाचलं, पण सतरा बाटल्या भरायचं काम वाढलं.

मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, काम करणं वेगळं आणि कळणं वेगळं. फ्रीज दुरुस्त करून आणायचं काम नवऱ्यानं करावं, मुलानं करावं, जरूर करावं. बाटल्याही भराव्यात. पण काय बिघडलं हे बाईला कळत नसेल, तर दोष तिच्या माथी मारणं सोपं जातं. माहिती तिच्या हातात असली की ‘तुयाच हातानं झालं’ या वाक्याला उत्तर देता येतं.

१९९० च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्येच्या कामातून खेड्यातल्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी भरायचं काम पिढ्यान् पिढ्या त्यांचंच, पण पंपाला पाना लावायचा हक्क मात्र पुरुष मेकॅनिकचा. त्यांनी पाना हातात घेतला. मग लिहिता-वाचता यायला हवं असं त्यांना वाटू लागलं, त्यातून ‘महिला डाकिया’ हे त्यांचं पत्र निघालं. एका पान्यापासून गोष्ट कुठवर गेली बघा. आपल्याकडेही १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. स्वयंपाकघरातला प्रश्न हा राजकारणाचा प्रश्न आहे, हे आपल्याला कुणी नव्यानं शिकवायची गरज नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. प्रत्येक गटानं वर्षातून एकदा तरी अशी एक बैठक घ्यावी, आयटीआयमधल्या शिक्षकांना बोलवावं, आणि फ्रीज उघडून दाखवायला सांगावं. माहितीपुस्तकं इंग्रजीत असतात, गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींकडून आपापल्या फ्रीजच्या आकड्यांचा मराठी तक्ता लिहून घ्यावा आणि दारावर चिकटवावा. आणि तिसरी सूचना आपल्यासाठी, सल्ला केंद्रातल्या कार्यकर्त्यांसाठी. अर्जातल्या ‘कारण’ या रकान्यात ‘क्षुल्लक’ हा शब्द लिहिणं आपण बंद करू या. बाईनं सांगितलेलं कारण तिच्याच शब्दांत लिहू या.

ती अकोल्याची बाई नंतर दोनदा आली. घरातलं सगळं मिटलं असं मी सांगणार नाही, तिचं प्रकरण अजून आमच्याकडे चालू आहे. नवऱ्यानं लेखी हमी दिली आहे, आम्ही लक्ष ठेवून आहोत. शेवटच्या भेटीत मी तिला फ्रीजबद्दल विचारलं. ती म्हणाली, “चालू हाये. परवा शेजारणीचा बंद पडला, तं मी कागद घालून पायला. रबरच होतं.” मग जरा थांबून म्हणाली, “तिच्याकडे मेकॅनिक आला ना ताई, त्यानंबी इचारलं, साहेब हायेत का. मी म्हनलं, आमाले सांगा, आमी हाओत.”